शाल, श्रीफळ आणि सातबारा

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, म्हणून ६ जानेवारी हा आपला पत्रकार दिन. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी एक तरी सत्कार समारंभ असतो. बाळशास्त्रींच्या तसबिरीला हार, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची वाट पाहण्यात गेलेला तासभर, मग शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि ‘लोकशाहीचा चौथा स्तंभ’ या विषयावर तीन-चार भाषणे. सत्कार कुणाचा झाला हे सगळ्यांना कळते. कोणत्या बातमीसाठी झाला, हे मात्र निवेदक सहसा सांगत नाही. बातमी वाचून दाखवणे तर दूरच. हे मी कुचेष्टेने लिहीत नाही. वर्षभर तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या माणसाला एक दिवस कुणी नारळ दिला तर त्यात वावगे काही नाही. पण पुढच्या रांगेत बसलेल्या नवख्या वार्ताहराला त्या समारंभातून ‘चांगली बातमी म्हणजे काय’ हे कळत नसेल, तर तो सन्मान तिथेच विरतो.

हे पुस्तक पत्रकार घडवणाऱ्या आणि उत्तम वार्तांकनाचा गौरव करणाऱ्या ना-नफा संस्थांविषयी आहे. संपादकांनी त्याला कर्नाळ्याच्या परिसराची चौकट दिली आहे. जगभरच्या संस्थांची ओळख करून देता देता ते पुन्हा पुन्हा पनवेल तालुक्यातल्या या टापूत उतरते आणि विचारते, की या संस्थेची रीत इथल्या वार्ताहराच्या काय कामाची? हस्तलिखित वाचताना माझे एक मत पक्के होत गेले. शिकवणे आणि गौरवणे ही दोन कामे मुळात एकच आहेत. पुरस्कार म्हणजे जाहीरपणे दिलेला धडा. आपल्याकडे या दोघांची ताटातूट झाली. विद्यापीठे शिकवू लागली, पत्रकार संघ गौरवू लागले, आणि तालुक्याचा प्रतिनिधी दोन्हींच्या मधल्या फटीत राहिला.

चौकटीसाठी कर्नाळाच का, याचे उत्तर मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना मिळते. पनवेल सोडले की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो आणि रस्ता पक्षी अभयारण्यात शिरतो. डोंगराच्या पायथ्याच्या बाजूला शिरढोण. वासुदेव बळवंत फडक्यांचे हे जन्मगाव. त्यांनी १८७९ मध्ये बंड केले तेव्हा देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर लिटनचा १८७८ चा कायदा लागू होता, म्हणजे शेजारच्या माणसाची सर्वांत मोठी बातमी मराठीत मोकळेपणी लिहिण्याची सोय नव्हती. आज याच परिसरात सिडकोचे भूसंपादन आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ आहे, कातकरी वाड्या आहेत, वर्षानुवर्षे रुंद होत असलेला महामार्ग आहे. अभयारण्याचे नियम आहेत. तारा गावात डॉ. जी. जी. परीख यांनी उभे केलेले युसुफ मेहेरअली सेंटर आहे, आणि हे परीख ‘जनता’ या समाजवादी साप्ताहिकाचे दीर्घकाळ संपादक होते. हे सगळे एका वार्ताहराच्या दुचाकीच्या टप्प्यात येते. सोमवारी भूसंपादनाचा निवाडा, बुधवारी वन्यजीव मंडळाची परवानगी, शुक्रवारी सहकारी संस्थेचा ताळेबंद असे विषय त्याच्यासमोर येतात. दिल्ली-मुंबईच्या मोठ्या दैनिकात या प्रत्येक विषयाला स्वतंत्र माणूस असतो. इथे एकच माणूस, आणि त्याच्याच गळ्यात वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी शुभेच्छा जाहिराती गोळा करण्याचे टार्गेट.

मराठी पत्रकारितेचे पहिले प्रशिक्षण केंद्र म्हणजे वृत्तपत्राची कचेरीच. १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’त किंवा शि. म. परांजप्यांच्या ‘काळ’मध्ये उमेदवारी करणाऱ्याला कुणी अभ्यासक्रम दिला नव्हता. संपादकाच्या हाताखाली मजकूर लिहायचा, त्याने फिरवलेली लेखणी पाहायची आणि शिकायचे. ही गुरुपरंपरा समर्थ होती, पण तिचा रोख अग्रलेखावर होता. मत मांडणे ही श्रेष्ठ कला आणि बातमी जमवणे ही हमाली, असा एक समज तिने मागे ठेवला. तो अजून पुरता गेलेला नाही. आमच्या पिढीतही ‘लिहितो छान’ ही पत्रकाराची सर्वांत मोठी पावती होती. ‘शोधतो छान’ असे कुणाबद्दल म्हटलेले क्वचितच ऐकले.

तो समज मोडायला निघालेला माणूस म्हणजे डॉ. ना. भि. परुळेकर. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून पीएच.डी. करून आलेल्या परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ काढला आणि लहान गावांत वार्ताहरांचे जाळे विणले. बाजारभाव, पाणी, शाळा या गोष्टी पहिल्यांदा बातमी म्हणून मानाने छापल्या जाऊ लागल्या. कोलंबियाचा उल्लेख मुद्दाम केला. जोसेफ पुलित्झरने आपल्या संपत्तीतून पत्रकारितेचे विद्यालय आणि वार्तांकनाची पारितोषिके या दोन गोष्टींची तरतूद एकत्र केली होती, आणि ती याच विद्यापीठाकडे सोपवली होती. विद्यालय १९१२ मध्ये उघडले, पारितोषिके १९१७ पासून सुरू झाली. शिकवणे आणि गौरवणे एका छपराखाली ठेवण्याची ही व्यवस्था पुढच्या अनेक संस्थांचा नमुना ठरली. त्यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लोकसेवेसाठीचे पुलित्झरचे सुवर्णपदक व्यक्तीला मिळत नाही, वृत्तपत्राला मिळते. बातमी एका सहीने छापून येत असली तरी तिच्यामागे कचेरीचे पाठबळ, वकिलाची फी आणि मालकाची छाती लागते, हे त्यातून कबूल केलेले असते.

रायगडातली परंपरा वेगळी, आणि माझ्या मते पुण्याइतकीच महत्त्वाची. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी खोतीविरुद्ध १९३३ मध्ये संप केला, तो १९३९ पर्यंत चालला. त्याचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ काढला. चळवळीतून निघालेले वृत्तपत्र हा एक स्वतंत्र संप्रदाय आहे. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी काढलेला ‘दीनबंधु’ आणि १९२० चा डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ याच कुळातले. इथे वार्ताहर कार्यकर्त्यांतून येतो. त्याला माणसे ठाऊक असतात, जमीन ठाऊक असते, आणि बाजूही ठाऊक असते. या शेवटच्या गोष्टीमुळे विद्यापीठीय मंडळी या संप्रदायाकडे नाक मुरडतात. मुरडू देत. खोताच्या कुळाची बाजू छापायला त्या काळी दुसरे कोण तयार होते?

विद्यापीठांचा प्रवेश त्यानंतरचा. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये पत्रकारितेचा विभाग सुरू झाला, पुणे विद्यापीठाचा अभ्यासक्रम १९६४ पासून. पुण्याचा रानडे इन्स्टिट्यूटमधला हा विभाग पुढे मराठी वृत्तसृष्टीला माणसे पुरवणारा मुख्य कारखाना बनला. त्याच सुमारास विद्यापीठाबाहेरचा प्रवाहही आला. ब्रिटनमध्ये १९६२ मध्ये थॉमसन फाउंडेशन आणि भारतात १९६३ मध्ये प्रेस इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया. नोकरीत असलेल्या पत्रकाराला आठ-पंधरा दिवस बाहेर काढून शिकवायचे, ही त्यांची रीत. चेन्नईचे एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझम एका ना-नफा न्यासातर्फे चालते आणि शोधपत्रकारितेचा पुरस्कारही देते, म्हणजे पुलित्झरच्या वाटेवरची संस्था. मुंबई प्रेस क्लबचे ‘रेडइंक’, रामनाथ गोएंका फाउंडेशनचे पुरस्कार, स्त्री पत्रकारांसाठीचा चमेली देवी जैन पुरस्कार ही गौरवाच्या बाजूची मोठी नावे. मराठीत फलटणचा महाराष्ट्र पत्रकार कल्याण निधी बाळशास्त्रींच्या जन्मगावी, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्यात, ‘दर्पण’ पुरस्कार देत आला आहे. एवढ्या लांबच्या खेड्यात समारंभ नेण्यात कष्ट आहेत आणि औचित्यही.

सरकारी पुरस्कारांबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. राज्य सरकार विभागवार उत्कृष्ट पत्रकारिता पुरस्कार देते, त्यात कोकण विभागाचा पुरस्कार शि. म. परांजप्यांच्या नावाचा आहे. महाडला जन्मलेल्या परांजप्यांना १९०८ मध्ये राजद्रोहाखाली एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली होती. सरकारने तुरुंगात घातलेल्या संपादकाच्या नावाचा पुरस्कार सरकारच्याच हातून घेताना कुणाला गंमत वाटत नसेल, असे नाही. परके सरकार आणि आपले सरकार हा फरक मला मान्य आहे. तरी ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याकडूनच शाबासकी घ्यायची का, हा प्रश्न उरतोच. पी. साईनाथ यांनी २००९ मध्ये पद्मभूषण नाकारले ते याच भूमिकेतून. पत्रकार सरकारचा बाहेरचा लेखापरीक्षक असतो, आणि लेखापरीक्षकाने भेटी घेऊ नयेत, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे आहे.

साईनाथ यांच्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण या पुस्तकाच्या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण त्यांच्याच कामात आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या पाठ्यवृत्तीवर त्यांनी देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांतून ८४ वृत्तलेख लिहिले. त्यांचे १९९६ चे पुस्तक मराठीत हेमंत कर्णिकांनी ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने आणले. त्या पुस्तकाच्या मानधनातून साईनाथांनी ग्रामीण वार्ताहरांसाठी काउंटरमीडिया पुरस्कार सुरू केला. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला पत्रकार बातमी काढतो, शहरातला ती उचलतो आणि नाव शहरातल्याचे होते, हा अनुभव ज्याला नाही असा तालुका प्रतिनिधी मला अजून भेटलेला नाही. हा पुरस्कार त्याच माणसासाठी होता. पुढे काउंटरमीडिया ट्रस्टच्या छत्राखाली डिसेंबर २०१४ मध्ये ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’ सुरू झाले. तिथे गावागावांतून लिहिणाऱ्यांना पाठ्यवृत्ती मिळते, शाळा-महाविद्यालयांच्या मुलांना वार्तांकन शिकवले जाते आणि मजकूर मराठीसह अनेक भारतीय भाषांत येतो. कातकरी बाईची मुलाखत कातकरी बाईला वाचून दाखवता येईल अशा भाषेत असावी, हे तिथले प्रशिक्षण कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

याच वळणाच्या आणखी दोन संस्थांची दखल पुस्तकाने घेतली आहे. बुंदेलखंडात २००२ पासून ग्रामीण स्त्रियांनी चालवलेले ‘खबर लहरिया’ आणि गोव्यातून काम करणारे ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’. बाहेरून वार्ताहर पाठवण्याऐवजी गावातल्याच माणसाला वार्ताहर करायचे, हे दोघांचे सूत्र. कोकणात हा प्रयोग पुरेसा झालेला नाही, आणि संपादकांनी ते लपवलेले नाही.

आता मुख्य मुद्दा. प्रशिक्षण म्हणजे नेमके कशाचे? पुस्तकातला कर्नाळ्याचा भाग इथे कामाला येतो. आधी एक नमुना देतो. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. बँक बंद पडल्यावर दारातल्या रांगेची बातमी कुणीही देतो. तिला लागतो फक्त कॅमेरा. पण सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल दरवर्षी सभासदांना वाटला जातो. त्यात ताळेबंद असतो, लेखापरीक्षकाचा शेरा असतो, वर्गवारी असते. अनुत्पादित कर्जाचा आकडा मागच्या पानावर बारीक टाइपात असतो आणि पुढच्या पानावर अध्यक्षांचा फोटो. हा अहवाल घेऊन चार जणांनी एका टेबलाभोवती बसायचे, ठेवी आणि कर्जे यांचे प्रमाण काढायचे, मागच्या तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवायचे, तरतूद अचानक का घटली हे विचारायचे, लेखापरीक्षकाने ‘अधीन राहून’ असे लिहिले असेल तर कशाच्या अधीन ते शोधायचे. दुपार जाते. पण त्या दुपारनंतर तो वार्ताहर कुठल्याही पतसंस्थेच्या सर्वसाधारण सभेला चहा-बिस्किटासाठी जात नाही.

असेच सातबाऱ्याचे. पनवेल-उरण पट्ट्यात जमीन हीच बातमी. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी भूसंपादनाविरुद्ध रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचे तत्त्व आले. आज ते ‘साडेबारा टक्के’ कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेले, हे फेरफारांच्या नोंदीत आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्रात २००२ मध्ये आणि देशात २००५ मध्ये आला. अर्ज कसा लिहावा म्हणजे ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे उत्तर येणार नाही, ही एक वेगळीच विद्या आहे. जनसुनावणीच्या आधी पर्यावरण अहवाल मिळवून वाचणे ही दुसरी.

तिसरे उदाहरण शेजारच्या खालापूर तालुक्यातले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे नंतर विधिमंडळात सांगितले गेले. अशी एक यादी असते, ती जिल्हा प्रशासनाकडे मिळते, आणि पावसाळ्याआधी ती हातात घेऊन यादीत नसलेल्या वाड्यांची चढण चढता येते. वाडीतल्या माणसांना उताराला भेगा पडल्याचे सर्वांत आधी कळते. त्यांना विचारणारा कुणी हवा. ही बातमी दुर्घटनेआधीची असल्यामुळे तिला पहिल्या पानावर जागा मिळणार नाही, आणि म्हणूनच तिला पुरस्कार हवा. पुरस्काराचा उपयोग इथे आहे. बाजाराने ज्या बातमीचे मोल केले नाही तिचे मोल ठरवणारी दुसरी तागडी समाजात असली पाहिजे.

शोधपत्रकारितेने काय होऊ शकते हे रायगडला सांगायला नको. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, तेव्हा मुख्यमंत्री होते याच जिल्ह्याचे बॅरिस्टर अंतुले. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस अरुण शौरींचा अंतुल्यांच्या प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्यांविषयीचा वृत्तलेख ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये आला आणि जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर अंतुल्यांनी राजीनामा दिला. त्या काळी अशा बातमीमागे उभे राहणारे मालक होते. आता ते कमी झाले आहेत, आणि इथेच ना-नफा संस्थांचा प्रश्न तातडीचा होतो. वृत्तपत्रांची जिल्हा कार्यालये आक्रसली, छपाईची जागा मोबाइलवरच्या यूट्यूब वाहिन्यांनी घेतली. माइकचा बोंडका आणि ओळखपत्र घेऊन उभा राहिलेला कुणीही आज पत्रकार असतो. त्याला हिणवून काही साधणार नाही. त्याला शिकवायला कुणीतरी हवे, आणि जाहिरात विभाग ते काम करणार नाही.

शिवाय जिवाचे भय. जून २०११ मध्ये पवईत पत्रकार ज्योतिर्मय डे यांना गोळ्या घातल्या गेल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडले गेले, रिफायनरीसंबंधीची त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी. पत्रकार संघटनांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकार संरक्षण कायदा संमत केला होता. देशात असा कायदा करणारे हे पहिले राज्य. तरी वारिशे गेले. पुस्तकात अमेरिकेतल्या शोधपत्रकारांच्या ‘आयआरई’ या संघटनेची हकिगत आली आहे. १९७६ मध्ये डॉन बोल्स या वार्ताहराचा ॲरिझोनात खून झाला, तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांतले तीसहून अधिक पत्रकार फिनिक्समध्ये जमले आणि त्यांनी बोल्सचा विषय पुढे नेऊन एकत्रित मालिका लिहिली. खुन्याला शोधणे हे पोलिसांचे काम, आपण बातमी पुरी करायची, हा त्यांचा हिशेब. आपल्याकडे निषेध सभा होतात, तहसीलदारांना निवेदन दिले जाते. ते करावेच. पण मारला गेलेला पत्रकार ज्या विषयामागे होता तो विषय दहा जणांनी उचलला, तर मारण्यातला फायदाच संपतो. संघटना, प्रशिक्षण आणि सन्मान या तिन्ही गोष्टी तिथे एकाच कृतीत आल्या.

आपल्या जिल्हा संघटनांत हे बळ नाही असे नव्हे. १९३९ पासूनच्या मराठी पत्रकार परिषदेची तालुकावार बांधणी आहे, आणि रायगडच्या पत्रकारांनी मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी रस्त्यावर उतरून आंदोलने केली आहेत. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले. पुढचे काय झाले हे या रस्त्याने गणपतीला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पत्रकारांनी आंदोलन करावे की केवळ वार्तांकन, यावर या पुस्तकात दोन लेखकांचे दोन टोकांचे सूर आहेत. संपादकांनी त्यांची दिलजमाई केली नाही, हे उत्तम. माझे मत विचाराल तर आंदोलनाने रस्ता मागितला, पण ठेकेदारांची बिले, मुदतवाढीचे आदेश आणि खड्डे बुजवण्यावरचा खर्च यांची संगतवार मालिका महामार्गावरच्या प्रत्येक तालुक्यातून निघायला हवी होती.

या पुस्तकाच्या मर्यादाही नोंदवतो. आगरी आणि कोळी बोलीतून वार्तांकन करण्याचा विचार इथे अर्ध्यावर सुटला आहे. उर्दू वृत्तपत्रांचा कोकणातला वाचकवर्ग मोठा आहे, त्याच्याकडे लक्ष गेलेले नाही. परदेशी संस्थांच्या पैशाचे काय करायचे, देणगीदार बदलला की अभ्यासक्रम बदलतो का, हा अवघड प्रश्न एका लेखात येतो आणि लगेच निसटतो. पुढच्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र जागा द्यावी.

पुस्तक वापरायचे कसे, याबद्दल एक सूचना. सलग वाचू नका. तालुका पत्रकार संघाच्या मासिक बैठकीत एक लेख घ्या, त्याच्या शेवटी दिलेला सराव आपल्या गावच्या कागदावर करा, आणि वर्षअखेर पुरस्कार द्यायचा असेल तर परीक्षकांना एका अटीवर बोलवा. निवडलेल्या बातमीतले काय चांगले आणि काय राहून गेले हे त्यांनी पानभर लिहायचे, आणि ते पान समारंभात बातमीसकट वाचायचे. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाची पंधरा मिनिटे त्यासाठी कापावी लागतील. पाहुण्यांना तसे कळवणारा पत्रव्यवहार कसा करावा याचा नमुना संपादकांनी परिशिष्टात दिला आहे, आणि तो पुरेसा नम्र आहे.